घोरपडीचं तेल

शेलूबाजार, ता. २ ऑक्टोबर १९३४

अब्बांना सुगराबीचा सलाम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. पोळ्यानंतर आम्ही गावातलं घर सोडून संत्र्याच्या बगीच्यात राहायला आलो. दोन खोल्या, विहीर आणि चहूकडे झाडं. तुमचे जावई खूश आहेत. मी खूश आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही, कारण इथं आमच्या आधीपासून कोणी तरी राहतं.

परवा पाणी काढायला गेले. विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं तिथं, एक सोललेलं खोड पडलं होतं. मी त्यावर पाय ठेवणार एवढ्यात खोडानं जीभ बाहेर काढली, साप काढतो तशी, दोन टोकांची. कळशी तिथंच टाकून मी घरापर्यंत पळाले. दोन हात लांबीची घोरपड होती, आणि तिच्यामागे दुसरी. शेजारच्या शेतातले हरिसिंगभाऊ काठी आणि कुत्रं घेऊन धावत आले. म्हणाले, "बाई, हे फुंकली तं मानूस गेलाच समजा. आन् मांस मोठं झाक लागते." माणूस मरतो की जेवतो हे त्यांचं पक्कं नव्हतं.

तुमच्या जावयांनी त्यांना कुत्र्यासकट परत पाठवलं. मला म्हणाले, "थे नाही आली आपल्या घरात. आपन तिच्या घरात येऊन राह्यलो." मागच्या वर्षी उंदरांनी रोपांची मुळं खाल्ली होती, ती यंदा शाबूत आहेत, म्हणजे घोरपडी चाकरी करतात आणि पगार मागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांनी बांधावर दगडांचा ढीग रचला आहे आणि सरड्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवतात. सरडे रोपांवरच्या अळ्या टिपतात आणि कुंपणावर बसून मान हलवतात. मी काहीही बोलले तरी हो हो म्हणतात. घरात तेवढं कोणी म्हणत नाही.

आता भीती कमी झाली आहे. काल मी एक नासकं अंडं थारोळ्याजवळ ठेवलं आणि दारातून बघत बसले. मोठीनं ते अख्खं गिळलं. खरं सांगते, मला बरं वाटलं, घरी पाहुणा जेवून गेल्यावर वाटतं तसं.

तुमच्या पायाला मुंग्या येतात असं लिहिलं होतं. आता कसा आहे पाय?

तुमची सुगराबी


वाशीम, ता. १३ ऑक्टोबर १९३४

चिरंजीव सुगराबीस बापाचा दुवा.

तुझ्या मराठी शाळेच्या चार बुकांचं चीज झालं. पत्र मी शालिग्रामला वाचून दाखवलं. तोच तो, कोर्टासमोर माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून अर्ज लिहितो. तो हसून हसून दौत सांडून बसला. लहानपणी आम्ही सरडा दिसला की दगड घेऊन धावायचो, आणि माझी लेक त्यांना पाणी पाजते. जमाना बदलला म्हणायचा.

पायाचं विचारतेस. मुंग्या गेल्या. मुंग्या जाऊन आता काहीच उरलं नाही. डावं पाऊल लाकडासारखं झालंय. मागच्या आठवड्यात मशीनची तुटकी सुई तळव्यात शिरली आणि मला पत्ता नाही. संध्याकाळी मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळलं. चाळीस वर्षं वकिलांचे काळे कोट शिवले, ते या पायांच्या जोरावर. पायडलवर पाय आहे की नाही हे खाली वाकून बघावं लागलं, तर दर्जी कसला?

बाजारात एक वैदू बसला होता. तो म्हणाला, मेलेल्या पायाला एकच औषध, घोरपडीच्या चरबीचं तेल. त्याच्याकडे नव्हतं. मग तुझं पत्र आलं. मी म्हटलं, अल्लाहनंच वाट दाखवली. तुझ्याकडे दोन आहेत. त्यातली एक बापाला दे. हरिसिंग काढून देईल. फार उशीर करू नकोस.

सैफुद्दीन


शेलूबाजार, ता. २८ ऑक्टोबर १९३४

अब्बांना सलाम.

मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर तेलाची बाटली पाठवली आहे. रोज दोनदा पाऊल कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून चोळावं. जखमेवर लावू नये. हरिसिंगभाऊंनी केलं. मी बघितलं नाही. त्याबद्दल जास्त विचारू नका.

आणखी एक सांगायचं मागे ठेवलं होतं. मला पाचवा महिना चालू आहे. आधीच्या दोन्ही वेळी घाईनं कळवलं आणि मग दुसरं पत्र लिहावं लागलं, म्हणून यंदा कोणालाच सांगितलं नाही. गावातली सुईण रुखमाबाई म्हणते, सगळं नीट आहे, पण बैलगाडी नाही, मोटार नाही, बगीच्याबाहेर पाऊल नाही. म्हणून यायला जमणार नाही.

पाय कसा आहे ते खरंखरं लिहा.

सुगराबी


वाशीम, ता. ८ नोव्हेंबर १९३४

चिरंजीव सुगराबीस अनेक दुवा.

पत्र वाचून मी मशीन थांबवलं आणि शालिग्रामला जिलेबी आणायला पिटाळलं. तो जिलेबी घेऊन येईपर्यंत माझं तोंड उतरलं होतं. वेडे, हे आधी सांगितलं असतंस तर मी तोंडातून घोरपडीचा शब्द काढला असता का? तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या अम्मीनं मला ढेकूणसुद्धा मारू दिला नाही. पोटुशी बाईच्या घरात जीव घ्यायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत, हिंदू काय आणि मुसलमान काय. आणि मी बाप असून तुझ्या अंगणात रक्त सांडायला लावलं.

पण ऐक, काळजी करू नकोस. तेलानं गुण आला. तिसऱ्या दिवशी पावलात ऊब आली, आता बोटं हलतात. काल मशिदीपर्यंत चालत गेलो. गरजेपायी घेतलेला जीव माफ असतो, वाया घेतलेला नसतो. हा वाया गेला नाही. तू मनात काही आणू नकोस, पोटभर जेव, आणि दुसरी घोरपड आहे तिला सांभाळ.

सैफुद्दीन


शेलूबाजार, ता. १९ नोव्हेंबर १९३४

अब्बांना सलाम.

खरंच गुण आला? मी पत्र तीनदा वाचलं. खरंच मशिदीपर्यंत गेलात? काठी न घेता? सुईची जखम भरली का, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही.

तेलानं बरं वाटत असलं तरी एकदा सरकारी दवाखान्यात पाय दाखवा. तेलावर फार भिस्त ठेवू नका. असं का म्हणते ते विचारू नका, दाखवा म्हणजे झालं.

इकडे संत्री उतरायला सुरुवात झाली आहे. पुढच्या महिन्यात तुमचे जावई माल घेऊन नागपूरला जातील. मी बरी आहे. रात्री झोप लागत नाही, पण रुखमाबाई म्हणते या दिवसांत असं होतंच.

सुगराबी


वाशीम, ता. १० डिसेंबर १९३४

चि. सुगराबीस दुवा.

रमजान सुरू झाला. ईदेचे कपडे छतापर्यंत चढलेत. फुरसत नाही. पाय उत्तम. दवाखान्याची गरज नाही. आणखी तेल पाठवू नकोस, एक जीव पुरे. तू जप.

सैफुद्दीन


वाशीम, ता. १८ डिसेंबर १९३४

सौ. सुगराबी हिस शालिग्रामकाकाचा आशीर्वाद.

मी अर्जनवीस माणूस, दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहून पोट भरतो. आज पहिल्यांदा कोणी न सांगता गाऱ्हाणं लिहितो आहे. तुझ्या वडिलांनी मला शपथ घातली होती. ती मोडल्याचं जे काय व्हायचं ते माझं होईल.

त्यांना काडीचाही गुण नाही. मशिदीपर्यंत चालत गेल्याचं त्यांनी लिहिलं, त्या दिवशी ते ओट्यावरून खालीदेखील उतरले नव्हते. डाव्या पावलाला कोटांच्या चिंध्या गुंडाळतात आणि उजव्या एकट्या पायानं पायडल मारतात. जखम वाढली आहे. अंगठा काळा पडला आहे. आता गिऱ्हाईक दुकानात शिरलं की नाकाला रुमाल लावतं. मी डॉक्टरांना ओट्यावरच बोलावून आणलं. ते म्हणाले, लघवीत साखर आहे, ताबडतोब अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जा, नाही तर पाय काढावा लागेल, आणि तोही नशीब असेल तर. हे म्हणतात, ईदेनंतर बघू.

मी चिडून विचारलं, एवढा हट्ट कायचा? तेव्हा म्हणाले, "माह्या पोरीनं पोटुशी असून माह्यासाठी जीव घेतला. आता मी दवाखान्यात गेलो तं तेलाचा गुण नाही आला, असंच झालं ना? मंग तो जीव कायले गेला? वाया गेलेल्या रक्ताचा दोष कोनावर जाते? तिच्या लेकरावर." मी पुष्कळ समजावलं. अर्ज नामंजूर झाला.

पोरी, तुला या अवस्थेत हे कळवायला नको होतं. पण तुझ्याशिवाय ते कोणाचं ऐकणार नाहीत.

शालिग्राम


शेलूबाजार, ता. २१ डिसेंबर १९३४

अब्बा,

काकांचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नका, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

घोरपड मारली नाही. दोन्ही जिवंत आहेत. मी पाठवलं ते तिळाचं तेल होतं, लसूण आणि ओवा घालून काळं होईपर्यंत कढवलेलं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हरिसिंगभाऊंना मी बोलावलं होतं. ते फास घेऊन विहिरीवर बसले. मोठी घोरपड बिळातून निघाली आणि थारोळ्याजवळ येऊन थांबली, जिथं मी तिला अंडं ठेवते तिथं. ती माझ्या भरवशावर आली होती, अब्बा. मला ते बघवलं नाही. पोटात पोर असताना तर मुळीच नाही. हरिसिंगभाऊंना परत पाठवलं. पण तुम्हाला नाही म्हणायची माझ्या तोंडाला सवय नाही. वाटलं, चोळल्यानंच पाय सुधारेल. तुमचे जावई म्हणाले, "खरं लिहून टाक, मांगून पस्तावशीन." मी ऐकलं नाही. मग गुण आल्याचं तुमचं पत्र आलं, आणि मी इतकी आनंदले की आपण काय पाठवलं होतं ते विसरायला बघितलं. भीती मात्र जात नव्हती.

माझ्या अंगणात रक्त सांडलेलं नाही. पोरावर कसलाही दोष नाही. तुम्हाला आता काहीही सिद्ध करायचं नाही. उद्याच्या उद्या अकोल्याला जा. तुमचे जावई नागपूरला आहेत, नाही तर मी त्यांनाच पाठवलं असतं.

सुगराबी


वाशीम, ता. २५ डिसेंबर १९३४

चि. सुगराबीस दुवा.

पत्र पावलं. शालिग्रामशी मी दोन दिवसांपासून बोलत नाही.

बेटा, तू हुशार आहेस. बाप दवाखान्यात जात नाही, तर घोरपड मेलीच नव्हती असं लिहावं म्हणजे तो उठेल, हे तुला बरोबर सुचलं. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं. पण मी कोणतं पत्र खरं मानू? ऑक्टोबरात लिहिलंस की हरिसिंगनं केलं, बघितलं नाही, जास्त विचारू नका. ते वाचून मला तुझा रडवेला चेहरा दिसला होता. आता लिहितेस तिळाचं तेल. एक तरी खोटं आहेच. बापाच्या जिवासाठी माणूस खोटं बोलतो, आणि माझ्या मनाला तेच पटतं.

ईद बारा दिवसांवर आली. गिऱ्हाइकांचे कपडे देऊन टाकतो, मग बघू. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. जो दोष असेल तो मी मागून घेतला आहे, रोज दुवेत तेवढंच मागतो.

सैफुद्दीन


शेलूबाजार, ता. २८ डिसेंबर १९३४

अब्बा,

तुमचं पत्र वाचून मी इतकी रडले की रुखमाबाईनं दिवसभर मला पलंगावरून उठू दिलं नाही. तुमचा दोष नाही. मी खोटं बोलले, म्हणून माझं खरं आता चालत नाही.

तुम्हाला घोरपडी दाखवायच्या तर त्याही दिसत नाहीत. थंडी पडल्यापासून दोन्ही विहिरीच्या भिंतीत शिरल्या आहेत. वीस दिवस झाले. सरडेही कुठं गेले कोण जाणे. अंडं ठेवते ते तसंच राहतं. आत जिवंत आहेत ना, या विचारानंच माझा जीव टांगणीला लागतो. पण मला आज एक गोष्ट सुचली. नीट वाचा.

जनावराची चरबी थंडीत थिजते. तिळाचं तेल थिजत नाही. बाटलीत तेल उरलं असेल तर ती बाटली आज अंगणातल्या रांजणाजवळ उघड्यावर ठेवा. शेजारी वाटीत चमचाभर तूप ठेवा. रोजासाठी पहाटे सेहरीला उठाल तेव्हा दोन्ही बघा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, शालिग्रामकाकांवरही नको. बाटली तुम्ही स्वतः हातात घ्या. तेल तुपासारखं थिजलेलं असेल तर मी खोटी, आणि मग तुम्ही म्हणाल ते कबूल. वाहतं असेल तर त्याच दिवशी मोटारीत बसा.

थांबू नका. मला पोर झाल्यावर ते कोणाच्या मांडीवर द्यायचं?

सुगराबी


वाशीम, ता. ३१ डिसेंबर १९३४

बेटा,

घाईत लिहितो, मोटार उभी आहे.

सेहरीला उठलो. हात गारठले होते. वाटीतलं तूप बोटानं दाबलं तर दगड. बाटली उचलायला धीर होईना. शेवटी उचलली आणि उलटी केली. तेल बुचापर्यंत सरसर आलं. पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी. तीनदा. मग तिथंच रांजणाला टेकून बसलो आणि रडलो. म्हाताऱ्या माणसानं असं रडावं याची मला लाज वाटली नाही. दोन महिने पायाला लसूण-ओव्याचं तेल चोळलं, नुसतं बेसन लावून तळायचं बाकी ठेवलं होतं.

शालिग्रामला हाक मारली. चिंध्या त्याच्यासमोर सोडल्या. इतके दिवस मी स्वतः नीट बघितलं नव्हतं, आज बघितलं. अंगठा गेल्यातच जमा आहे. रंग वर चढतोय. शालिग्रामनं अर्जांची पेटी बंद केली आणि माझ्याबरोबर यायला निघाला. कपडे ज्याचे त्यानं न्यावेत असं दारावर लिहून ठेवलंय.

भीती वाटते. तुला खोटं लिहिणार नाही, फार वाटते.

सैफुद्दीन


शेलूबाजार, ता. ८ जानेवारी १९३५

शालिग्रामकाकांना सुगराबीचा नमस्कार.

आठ दिवस झाले, काही कळलं नाही. काल ईद झाली. मी शीरखुर्मा केला आणि कोणाला वाढला ते मला आठवत नाही. तुमचे जावई नागपूरहून आले तसेच त्यांना हे पत्र देऊन अकोल्याला पाठवते आहे. मला बरं वाटावं म्हणून अब्बा बरे आहेत असं लिहू नका. पाय राहिला की गेला, आणि अब्बा आहेत की नाहीत, एवढंच लिहा. मी बसून वाचीन, रुखमाबाई जवळ आहे.

सुगराबी


अकोला, ता. १४ जानेवारी १९३५

चिरंजीव सुगराबीस बापाचा दुवा.

तुझं काकाला आलेलं पत्र मी हिसकावून घेतलं, उत्तर मीच देतो. जावई हबीबमियां उशाशी बसलेत आणि संत्री सोलून पूर्ण वॉर्डाला वाटतायत. हे पत्र पोचायच्या आधी ते स्वतःच पोचतील, पण त्यांच्या सांगण्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून लिहितो.

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काढली. पाऊल राहिलं. दोनदा कापावं लागलं, म्हणून कळवायला उशीर झाला. मधले तीन दिवस ताप डोक्यात गेला होता, तेव्हा मी काय बोललो ते शालिग्राम सांगत नाही. आता ताप नाही. डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, पायडल मारता येईल का? ते म्हणाले, टाचेनं माराल. साखर, गूळ, जिलेबी बंद. गोड बोलण्यावर बंदी नाही, असं शालिग्राम म्हणतो.

डॉक्टरांनी असंही सांगितलं की नोव्हेंबरात आला असता तर एक बोटही गेलं नसतं. हे तुला लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी ठरवलं, लिहायचं. तुला दुखेल. मलाही दुखतंय. तू मला दुखवायचं नाही म्हणून तेल पाठवलंस, मी तुला दुखवायचं नाही म्हणून गुण आल्याचं लिहिलं, आणि आपण दोघं एकमेकांना खुशाली कळवत होतो तेव्हा पाय सडत होता. दोष वाटायचा तर अर्धा अर्धा घेऊ, पोराच्या वाट्याला काहीच ठेवायचं नाही.

आता एक ऐक. तू बाळंत होऊन हिंडूफिरू लागलीस की पोराला घेऊन वाशीमला ये. तब्येत कशी आहे हे यापुढे मला पत्रानं विचारू नकोस, मी बरा आहे असंच लिहीन. येत जा, आणि मोजा काढून पाय बघत जा.

सैफुद्दीन